खर्ज घुमतोय? आधी सोफा हलवा : घरातल्या आणि गाडीतल्या उंची ऑडिओची मांडणी, पायरी-पायरीने

आमच्या स्नेह्यांपैकी एका काकांनी निवृत्तीनंतर आयुष्यभराची हौस पुरी केली. जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर घेतले, भारीतला अँप्लिफायर घेतला, वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल फाइलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र, घेतला. मला ऐकायला बोलावलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. ख्यालाचं रेकॉर्डिंग लावलं होतं, गायकाची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा सा. तानपुऱ्याच्या पहिल्या तीन तारा छान ऐकू यायच्या आणि चौथी, खर्जाची, छेडली गेली की सगळा हॉल घूं करून उठायचा. डग्गा त्या घुमण्यात बुडून जायचा. दुकानदाराने त्यांना अँप्लिफायर बदलायचा सल्ला दिला होता आणि ते तयारही झाले होते.

मी मोजायची टेप मागितली. हॉल लांबीला १६ फूट भरला. सोफा मागच्या भिंतीला चिकटून. आम्ही दोघांनी तो ३ फूट पुढे ओढला, तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, आणि खर्ज आपल्या जागी जाऊन बसला. काकांनी डग्ग्याची मींड त्या दिवशी स्वतःच्या घरात पहिल्यांदा ऐकली. एक रुपया खर्च झाला नाही.

म्हणून खालच्या पायऱ्यांत खरेदी तिसऱ्या क्रमांकावर येते. लाखाचा स्पीकर चुकीच्या जागी ठेवला तर पंचवीस हजारांचा, नीट मांडलेला स्पीकर त्याच्यापेक्षा सुरेल वाजतो. हे मी अनेक घरांत ऐकलंय आणि यात मला जराही शंका नाही.

पायरी १ : खोली मोजा

टेप, वही आणि पेन्सिल घ्या. लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहा. आता ५६३ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. येईल तो आकडा म्हणजे त्या दिशेने खोली ज्या सुराला सर्वांत आधी फुगवते तो हर्ट्झमधला, म्हणजे सेकंदाला किती कंपनं या मापातला, सूर. त्याची दुप्पट, तिप्पट केली की पुढचे फुगणारे सूर मिळतात. ५६३ आला कुठून? आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे सुमारे ११२५ फूट जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी लाट बरोबर मावली की ती तिथे ठाण मांडून बसते. म्हणून ११२५ चा निम्मा.

काकांच्या हॉलचं गणित करून पाहू. लांबी १६ फूट : ३५ हर्ट्झ, आणि दुप्पट ७०. रुंदी साडेदहा फूट : ५४. उंची साडेनऊ : ५९. काळी एकच्या गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे खोलीचा ७० आणि तानपुऱ्याचा ६९ एकमेकांच्या गळ्यात पडले होते. ही लाट भिंतीपाशी सर्वांत जोरात असते आणि खोलीच्या लांबीच्या पाव अंतरावर, इथे ४ फुटांवर, जवळजवळ नाहीशी होते. सोफा भिंतीला टेकलेला म्हणजे कान ऐन घुमण्यात. ३ फूट पुढे आल्यावर ती लाट बरीच उतरली, पण पूर्ण गेली नाही. तेच हवं असतं, कारण खर्ज ऐकू तर यायलाच हवा.

दोन मापं सारखी असतील, उदाहरणार्थ १० बाय १० ची बेडरूम, किंवा एक दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर एकाच सुरावर दोन बाजूंनी मार बसतो. घरात दोन खोल्यांपैकी निवड करता येत असेल तर अशी खोली सोडून द्या.

पायरी २ : आधी कान, मग स्पीकर

आपल्याकडे टीव्ही युनिट आधी ठरतं, सोफा त्याच्या समोरच्या भिंतीला जातो आणि स्पीकर उरलेल्या कोपऱ्यांत. हा क्रम उलटा करा.

बसायची जागा मागच्या भिंतीपासून निदान अडीच-तीन फूट पुढे घ्या. खोलीच्या ऐन मध्यावर बसू नका. तिथे सर्वांत खालचा सूर गायब होतो. मग तुमच्या कानापासून दोन्ही स्पीकर आणि दोन्ही स्पीकरचं आपसातलं अंतर जवळपास सारखं येईल असा त्रिकोण आखा. छोट्या हॉलमध्ये ६ ते ७ फुटांचा त्रिकोण पुरतो.

स्पीकरची पाठ भिंतीपासून २ फुटांवर ठेवून सुरुवात करा. बाजूच्या भिंतीचं अंतर मागच्या भिंतीइतकंच ठेवू नका. मागे २ फूट असतील तर बाजूला अडीच-तीन ठेवा. आता ४-४ इंचांनी पुढेमागे करत एकच रेकॉर्डिंग ऐका. प्रत्येक जागी फरशीवर मास्किंग टेपचा तुकडा लावा, त्यावर १, २, ३ लिहा. हे काम दोघांनी करायचं : एकाने हलवायचं, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं.

ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण ३६ इंचांवर असतो. पण आपल्यातले कितीतरी जण गादी-तक्क्यावर बैठक मारून गाणं ऐकतात, तेव्हा कान २८-३० इंचांवर येतो. बाजारातले स्टँड बहुतेक २४ इंचांचे असतात, ते खुर्चीच्या हिशोबाने. बैठकीसाठी सुताराकडून १६-१८ इंचांचे भक्कम स्टँड करून घ्या, किंवा स्पीकर किंचित खाली झुकवा. मी स्वतः गादीवर बसून ऐकतो आणि माझे स्टँड शिसवीच्या जुन्या पलंगाच्या पायांचे आहेत. आतून पोकळ नसल्याने ते अजिबात थरथरत नाहीत.

मांडणी जमली की नाही हे ओळखायला जुन्या नाट्यपदाचं मोनो रेकॉर्डिंग लावा. मोनोमध्ये दोन्ही स्पीकरना अगदी तोच आवाज जातो, त्यामुळे गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला सरकला असेल तर भिंती विषम आहेत : एका अंगाला बाल्कनीचं उघडं दार, दुसऱ्या अंगाला सलग भिंत, असं फ्लॅटमध्ये नेहमी असतं. दारावर जाड पडदा ओढून पाहा, आणि भिंतीकडचा स्पीकर इंच-दोन इंच आत घ्या. आवाज कुठूनच नेमका येत नसेल, सगळीकडे पसरल्यासारखा वाटत असेल आणि खालचे सूर पातळ असतील, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात. लाल ते लाल, काळी ते काळी, मागे जाऊन तपासा.

पायरी ३ : आता खरेदी

खोलीला साजेल एवढाच स्पीकर. १२० ते १५० चौरस फुटांच्या खोलीत ५ ते साडेसहा इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा) स्टँडवरचा स्पीकर भरपूर झाला. मोठ्या स्पीकरच्या लोभात पडू नका. तो ३५-४० हर्ट्झपर्यंत जातो आणि तुमच्या खोलीला फुगायला आणखी सूर पुरवतो.

छोट्या स्पीकरला कमी लेखणाऱ्यांनी एलएस ३/५ए ची हकीकत लक्षात ठेवावी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या अभियंत्यांनी तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनसाठी बनवला. व्हॅनच्या अरुंद जागेत माणसाचा आवाज खरा आहे की नाही हे कळावं, एवढीच अपेक्षा होती. जेमतेम एक फूट उंचीची पेटी, आत केईएफ कंपनीचा ट्वीटर आणि ५ इंची वूफर. अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला, आणि माणसाच्या गळ्यासाठी तो आजही जगभर जपला जातो. आपलं संगीत मुळात गळ्याचं आहे, आपल्या खोल्याही लहान आहेत. म्हणून मला हा नमुना फार जवळचा वाटतो.

उलट टोकाला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, ज्यात विजेच्या भाराने थरथरणारा पातळ पडदा आवाज काढतो. पुण्याच्या केडन्स कंपनीने अशा पडद्यांचे स्पीकर बनवले. त्यांचा स्वच्छ आवाज ऐकला की बाकीचं फिकं वाटतं, पण पडद्याची मागची बाजूही तेवढाच आवाज फेकते, त्यामुळे मागे ३-४ फूट मोकळी जागा असेल तरच त्या वाटेला जा.

अँप्लिफायरच्या वॉटचा हिशोब साधा आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या विजेत तो किती मोठा वाजतो ते, दिलेली असते, समजा ८७ डेसिबल. म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ८७. तीन मीटरवर बसलात तर सुमारे ९ ते १० कमी, दोन स्पीकर म्हणून ३ अधिक : ८० च्या वर. घरात आरामात ऐकण्याची सरासरी पातळी ७५ च्या आसपास असते, म्हणजे बहुतांश वेळ अर्धा वॉटसुद्धा लागत नाही. तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळते असं धरलं तरी २५-३० वॉट. म्हणून प्रामाणिक ५० वॉटचा अँप्लिफायर घ्या आणि निर्धास्त व्हा. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात हे पक्कं लक्षात ठेवा. ५० चे १०० केल्याचा फरक कानाला जेमतेम जाणवतो.

पैशाची वाटणी माझ्या मते अशी : शंभरातले ५० स्पीकरना, २५ अँप्लिफायरला, १५ खोलीला, १० सोर्सला, म्हणजे गाणं जिथून येतं त्या सीडी प्लेयर, फोन वगैरेंना. वायरला वेगळा वाटा मी ठेवत नाही. ५ मीटर अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार घेतली तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०८ ओहमच्या आसपास येतो, ८ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्का. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती मीटरवर मिळते. मीटरला हजारो रुपये मोजायचं कारण मला आजवर कानाने सापडलेलं नाही.

दुकानात ऐकायला जाताना स्वतःचं रेकॉर्डिंग न्या. दुकानातल्या खास डेमो सीडीवर सगळंच छान वाजतं. भजनातले टाळ ऐका : चांगल्या ट्वीटरवर टाळाचं पितळ ऐकू येतं, आधी आघात आणि मग झंकार वेगळा कळतो. वाईट ट्वीटरवर नुसती काच फुटल्यासारखी चसचस येते. आणि पाऊण तास बसा. पहिल्या पाच मिनिटांत चकचकीत वाटणारा स्पीकर अर्ध्या तासात कान दुखवतो.

जुना स्पीकर घेत असाल तर जाळी काढून वूफरच्या कडेची रिंग बोटाने हलकेच दाबा. फोमची असेल तर आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते, बोटाला काळं चिकट लागतं. रबराची टिकते.

पायरी ४ : भिंती आणि फरशी

मोकळ्या हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. तिच्यामागून झर्रर असा धातूसारखा थरथराट आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज टोलवताहेत. व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत प्लास्टर आणि मोठ्या काचा, हे आजच्या फ्लॅटचं रूप गाण्याला मारक आहे.

आरसा घ्या. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून कानाच्या उंचीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात ज्या ठिकाणी तुम्हाला ट्वीटर दिसेल, तिथून पहिलं परावर्तन येतं. तिथे पेन्सिलने फुली मारा. त्या फुलीवर पुस्तकांचं उघडं कपाट आलं तर उत्तम, कारण कमीजास्त खोलीची पुस्तकं आवाज विखुरतात. नाहीतर २ इंची, ४८ घनतेच्या (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलची, म्हणजे दगडी तंतूंच्या गादीची, कापडात मढवलेली चौकट, भिंतीपासून २-३ इंच सोडून टांगा. तेही नको असेल तर आजीची गोधडी दुहेरी करून दांडीवर टांगा. तिच्यात पाच-सहा जुन्या साड्यांचे थर असतात, आणि मधला व वरचा आवाज ती फार छान पिते. आमच्या घरी एका भिंतीवर खणाच्या तुकड्यांची गोधडी आहे. येणाऱ्यांना ती शोभेची वाटते.

फरशीवर स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांनी काही होत नाही. खोलीचा घुमणारा खर्ज गोधडीने किंवा पातळ फोमने जात नाही, त्याला जागा बदलणं हाच पहिला उपाय.

पायरी ५ : वीज

अर्थिंग तपासल्याशिवाय महागडं यंत्र लावू नका. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजायला सांगा. २-३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंग दुरुस्त करून घ्या. सतत हम्म आवाज येत असेल तर बहुतेक वेळा केबल टीव्हीची किंवा डिशची तार सेट-टॉप बॉक्समार्गे दुसरं अर्थिंग आत आणत असते. एकेक जोडणी काढत जा, कुठे आवाज थांबतो ते कळेल. हम्म घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका, जिवाशी खेळ आहे. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा.

पायरी ६ : सोर्स, आणि आजोबांच्या तबकड्या

सीडी किंवा लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळणारं) स्ट्रीमिंग, दोन्ही पुरेसं आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हे माप माणसाच्या कानाची मर्यादा व्यापतं. त्यापुढच्या आकड्यांपेक्षा रेकॉर्डिंग कसं केलंय हे शंभरपट महत्त्वाचं. फोनवरून ऐकताना ब्लूटूथऐवजी तारेने जोडा.

रेकॉर्ड प्लेयरसाठी मात्र थोडं थांबून सांगतो, कारण मराठी घरांच्या माळ्यांवर अजून पेट्याच्या पेट्या पडून आहेत आणि उत्साहाच्या भरात त्यांची नासाडी होते.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा कोणतंही अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने पुसा, कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका, सावलीत उभी वाळवा. या तबकड्यांची खाच रुंद असते, त्यामुळे एलपीची (नंतरच्या प्लॅस्टिकच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डची) बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते आणि सुईही झिजते. ७८ साठी वेगळी, साधारण चौपट जाड टोकाची सुई लागते. अनेक कार्ट्रिजना (सुई धरून तिच्या थरथरीची वीज करणाऱ्या डबीला) ती बदलून बसवता येते.

एलपीवर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. ती आतल्या कागदी पिशवीतून येते, म्हणून नुसती रेकॉर्ड धुऊन पुन्हा त्याच पिशवीत घालण्यात अर्थ नाही. पिशवी बदला, प्लॅस्टिकचं अस्तर असलेली घ्या. रेकॉर्ड उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, तीच भिंत ओल धरते.

सुईचं वजन नेमकं हवं. कार्ट्रिजच्या कागदावर १.८ ते २ ग्रॅम असं काहीतरी लिहिलेलं असतं. दागिन्यांच्या छोट्या डिजिटल काट्यासारखा काटा मिळतो, त्यावर मोजा. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती तासते. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणारं नेहमीचं, कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, म्हणून ते अँप्लिफायरच्या रेकॉर्ड प्लेयरसाठी असलेल्या फोनो इनपुटलाच जोडायचं, साध्या ऑक्स इनपुटला नाही.

पायरी ७ : माइकने खात्री

कानाने जमेल तेवढं झालं की एकदा मोजून पाहा. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. यूएमआयके-१ सारखा यूएसबी माइक आणि त्याच्यासोबत येणारी कॅलिब्रेशन फाइल घेतली की लॅपटॉपवर तुमच्या खोलीचा आलेख उमटतो. माइक तुमच्या कानाच्या जागी ठेवा. २०० हर्ट्झच्या खालचे उंच सुळके आणि पहिल्या पायरीत काढलेले आकडे जुळतात का पाहा. ते जुळताना पाहणं हा मोठा आनंद आहे. इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमीजास्त करणाऱ्या सोयीने, सुळके कापायचे. खड्डे भरायच्या नादी लागू नका : तिथे लाट लाटेला मारते, कितीही वॉट ओतले तरी खड्डा भरत नाही, वूफर तेवढा शिणतो.

सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, घ्यायचाच असेल तर तो तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं रेकॉर्डिंग लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे खर्ज एकसारखा ऐकू येईल तिथे सबवूफर न्या. आणि खालच्या मजल्यावरच्यांना एकदा विचारा. स्लॅबमधून खालचे सूर सगळ्यांत आधी त्यांच्याकडे पोचतात.

पायरी ८ : गाडी

गाडीत जागा बदलता येत नाही, म्हणून इथे क्रम वेगळा. सर्वांत आधी दार. कंपनीचा स्पीकर ज्या पातळ पत्र्यावर बसलेला असतो तो पत्रा बोटाने ठोका. डबा वाजल्यासारखा टण्ण आवाज येतो. स्पीकरच्या पाठीमागचा आवाज त्या पत्र्याला थरथरवतो आणि पुढचा खर्ज खातो.

डोअर पॅड उघडा. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला ब्यूटिलची डॅम्पिंग शीट लावा, रोलरने दाबून. मग आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं बंद करा. आता ठोका, ठप्प असा मुका आवाज यायला हवा. दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, ती चुकूनही बुजवू नका. काचेवरून पावसाचं पाणी दारात उतरतंच; भोकं बुजली तर एका पावसाळ्यात दार आतून गंजतं. याच कारणाने स्पीकरखालची रिंग साध्या एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या पाटाची) नको, ती पाणी पिऊन फुगते. प्लॅस्टिकची घ्या. माझ्या पहिल्या गाडीत एका फिटरने एमडीएफ लावलं होतं. गणपतीपर्यंत त्याचा लगदा झाला.

मग अँप्लिफायर. हेड युनिटवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेयरवर, ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ समजून घ्या. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. त्याचा वर्ग केला, स्पीकरच्या ४ ओहमने भागलं, की ५१.८ येतात. हा आवाज पूर्ण फाटून त्याची लाट चौकोनी झाल्यावरचा आकडा. स्वच्छ आवाजात त्याच व्होल्टेजमधून २६ वॉटच्या वर जाणं शक्य नसतं आणि प्रत्यक्षात १८-२० मिळतात. म्हणून वेगळा, चार चॅनेलचा, प्रत्येकी ५०-६० वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या वॉटचा) अँप्लिफायर घेतला की गाडी एकदम मोकळी गाऊ लागते.

बॅटरीपासूनची तार ८ गेजची, खऱ्या तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार सर्रास खपवली जाते. तारेतला एक बारीक धागा ब्लेडने खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली तर परत करा. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल तर तार कुठे घासून शॉर्ट झाल्यावर गाडी पेटू शकते. अर्थिंग देताना चासीवरचा (गाडीच्या सांगाड्यावरचा) रंग खरवडून उघड्या धातूला बोल्टने घट्ट कसा; ढिली अर्थ म्हणजे इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी कुईं अशी शिट्टी. कंपनीच्या तारा कापू देऊ नका, त्या मॉडेलचा कपलर (तारा न कापता बसणारा तयार जोड) मागा, नाहीतर वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

अँप्लिफायरवरचं गेनचं बटण म्हणजे आवाजाचा खटका नव्हे, ते हेड युनिटशी अँप्लिफायर जुळवून घेण्यासाठी असतं. स्पीकरच्या तारा काढा, हेड युनिट पाऊण आवाजावर ठेवा, १ किलोहर्ट्झचा टोन लावा, मल्टीमीटर एसीवर ठेवून अँप्लिफायरच्या आउटपुटला लावा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ : ६० वॉट, ४ ओहम म्हणजे २४०, वर्गमूळ साडेपंधरा. मीटरवर १५.५ व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा आणि तिथेच सोडा. दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झखालचं कापून द्या, ते काम सबवूफरचं.

शेवटी वेळ जुळवणं. आपल्याकडे चालक उजवीकडे, त्यामुळे उजवं दार कानाला जवळ आणि सगळी मैफल उजव्या गुडघ्यापाशी गोळा होते. डोक्याच्या मध्यापासून दोन्ही स्पीकरची अंतरं मोजा. समजा डावा १३५ सेंटिमीटर, उजवा ९५. फरक ४०. आवाज १ मिलिसेकंदात ३४.३ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्या स्पीकरला १.१७, सोयीने १.२ मिलिसेकंद उशीर द्या. बटण दाबल्याबरोबर गायक गुडघ्यापासून उठून डॅशबोर्डवर, समोर येऊन बसतो. एक्सप्रेसवेवर रात्री घाट उतरताना ते ऐकलं की हे सगळं का करायचं ते सांगावं लागत नाही.

पायरी ९ : नोंद

घरातल्या स्पीकरच्या पुढच्या कडांची मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरं वहीत लिहा. मास्किंग टेप निघून जाते, म्हणून टाइल्सच्या सांध्यात पेन्सिलची बारीक खूणही करा. दिवाळीच्या साफसफाईत सगळं हलतं आणि इंचाच्या फरकाने मोनोतला गायक बाजूला सरकतो. गाडीच्या डीएसपीच्या, म्हणजे वेळ आणि सूर जुळवणाऱ्या यंत्रणेच्या, सगळ्या स्क्रीनचे फोनने फोटो काढून ठेवा. बॅटरी बदलली की बऱ्याच हेड युनिटांतली सेटिंग पुसली जातात, आणि बॅटरी नेमकी गावाला निघायच्या आदल्या दिवशीच बदलावी लागते.